वणवा शहरात शिरतो तेव्हा घर आणि मंदिर कशाने पेटतं, कशाने वाचतं

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचं घर लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाच्या वरच्या अंगाला, गल्ली संपते तिथे डोंगर सुरू होतो. जानेवारी २०२५ च्या आगींनंतर घरात सारखा तोच विषय आहे. तुम्ही मंदिराच्या कमिटीवर आहात आणि ती इमारतही टेकडीलगत आहे. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत आणि सासरे म्हणतात की वणवे आम्ही लहानपणापासून बघतोय, पाइप घेऊन छपरावर उभं राहिलं की झालं. आणि तुम्ही विचारलंय की शहरात घुसलेल्या अशा आगीपुढे माणूस काही करू शकतो का, की सगळा नशिबाचा खेळ, मग घर विकून खाली सपाटीला जावं का.

मी फायर प्रोटेक्शन इंजिनियर आहे, इकडच्याच भागात घरं, शाळा, प्रार्थनास्थळं वणव्याच्या दृष्टीने तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर लांबेल, पण वेळ काढून पूर्ण वाचा आणि जमलं तर सासऱ्यांना वाचून दाखवा. सरळ उत्तर असं की करता येतं, पुष्कळ करता येतं, पण ते जवळजवळ सगळं आग लागायच्या आधी करायचं असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम घराच्या भिंतीपासून पाच फुटांच्या आत असतं. आगीच्या दिवशी तुमचं काम एकच, लवकर निघणं.

आता हे पाच फूट कुठून आले ते कळायला ७ जानेवारी २०२५ ला काय झालं ते बघायला हवं. २०२२-२३ आणि २०२३-२४ हे दोन्ही हिवाळे इथे भरपूर पावसाचे गेले, डोंगरावर झुडपं आणि गवत माजलं, आणि मग मे २०२४ पासून जानेवारीपर्यंत लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनला पाव इंचसुद्धा पाऊस नाही, म्हणजे वाढलेलं सगळं उभ्या उभ्या वाळलं. त्यात सांता अ‍ॅना वारे. नेवाडा-युटाकडच्या उंच वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढला की तिकडची कोरडी हवा समुद्राकडे धावते, डोंगर उतरताना ती दाबली जाते, दाबली की तापते आणि अजून कोरडी होते, खिंडीतून बाहेर पडताना वेग पकडते. ७ जानेवारीला डोंगरात ताशी ८० मैलांच्या वरचे झोत होते. हवामान खात्याने आदल्या दिवसापासून नेहमीच्या रेड फ्लॅग या आगीच्या धोक्याच्या इशाऱ्याच्याही वरचा, 'विशेष धोकादायक परिस्थिती'चा इशारा दिलेला होता, म्हणजे हे अचानक आभाळातून पडलं असं कुणी म्हणू नये. सकाळी साडेदहाच्या सुमारास समुद्राकाठच्या पॅलिसेड्स वस्तीची आग, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास पॅसाडेनाशेजारच्या अल्टाडीना गावावरच्या ईटन कॅन्यनची, आणि रात्र पडली तशी वाऱ्यामुळे विमानं-हेलिकॉप्टर खाली उतरवावी लागली. दोन्ही आगी ३१ जानेवारीला पूर्ण आटोक्यात आल्या तोवर १६ हजारांहून जास्त इमारती गेल्या होत्या आणि ३१ माणसं.

सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या आगीचा आहे. सह्याद्रीतला वणवा म्हणजे मुख्यतः गवताचा, फेब्रुवारी ते मे, ज्वाळा कमरेएवढ्या, गावकरी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात, आणि वनखात्याने जाळरेषा, म्हणजे गवत काढून केलेला मोकळा पट्टा, काढलेली असली तर बऱ्याचदा तिथे येऊन थांबतो. इकडच्या डोंगरावरचं चॅपरल म्हणजे माणसाच्या उंचीची किंवा त्याहून मोठी लाकडी झुडपं, बऱ्याचशांच्या पानांत तेल-राळ, ज्वाळा झुडपाच्या कितीतरी पट उंच जातात. आणि मुख्य फरक वाऱ्याचा, अशा वाऱ्यात जाळरेषा, रस्ता, फ्रीवे, कशालाही अर्थ राहत नाही कारण आग जमिनीवरून चालतच येत नाही, ती उडून येते. निखारे. जळती साल, पानं, छपराच्या फळीचे तुकडे, काही नखाएवढे काही तळहाताएवढे, वाऱ्याबरोबर मैल-मैल पुढे जाऊन पडतात, आणि अक्षरशः लाखोंनी पडतात. ज्वाळा अजून डोंगरावर असतात तेव्हाच तुमच्या गल्लीत दहा ठिकाणी बारीक बारीक काहीतरी धुमसायला लागलेलं असतं.

याचा पुरावा बघायचा तर अल्टाडीनात सांता रोझा अ‍ॅव्हेन्यूवर जा, ख्रिसमस ट्री लेन म्हणतात ती. दोन्ही बाजूंनी देवदार, आपल्या हिमालयातले, १८८० च्या दशकात लावलेले, १९२० पासून नाताळात त्यांच्यावर दिवे लागतात. ती झाडं बहुतेक सगळी वाचली. आसपासच्या गल्ल्यांतून आग झाल्यावर फिरलं की तेच दिसायचं, घराच्या जागी फक्त धुराडं उभं आणि अंगणातलं झाड हिरवं, एका बाजूने करपलेलं पण जिवंत. जंगलाची आग भिंतीसारखी चालत आली असती तर झाड आधी गेलं असतं. झाड उभं आहे आणि घर राख आहे याचा अर्थ घराने स्वतः निखारा पकडला, मग ते तासभर भट्टीसारखं जळलं आणि त्याच्या धगीने शेजारचं घर पेटलं. अल्टाडीनात बरीच घरं शंभर वर्षांपूर्वीची, लाकडी, दोन घरांत दहा-पंधरा फूट अंतर, एकदा पहिली दहा-वीस घरं पेटली की मग इंधन म्हणजे घरंच, डोंगराचा काही संबंध राहत नाही.

म्हणूनच पाण्याबद्दल जी चर्चा झाली ना, तिच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पॅलिसेड्सच्या वर टेकडीवर दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या, ८ तारखेला पहाटे तीनपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या, वरच्या भागातले हायड्रंट, म्हणजे आग विझवायचे रस्त्यावरचे नळ, कोरडे पडले. सांता इनेझ जलाशय, ११ कोटी ७० लाख गॅलनचा, त्याचं आवरण दुरुस्तीला म्हणून रिकामा ठेवला होता, लोक त्यावरून भयंकर चिडले आणि ज्यांची घरं गेली त्यांनी जाब विचारायलाच हवा. पण तो भरलेला असता तर दाब काही काळ जास्त टिकला असता, घरं वाचली असती का याबद्दल मी तरी आशा लावणार नाही. शहरातली पाण्याची लाइन एक घर, फार तर काही घरं किंवा एखादी मोठी इमारत विझवायच्या हिशोबाने टाकलेली असते. त्या रात्री मागणी नेहमीच्या चौपट होती, १५ तास सलग. शिवाय जळून कोसळलेल्या प्रत्येक घराचा नळ फुटतो आणि तिथून पाणी वाहतच राहतं, हजार घरं म्हणजे हजार फुटके नळ. अशा वेळी छपरावर पाइप घेऊन उभ्या माणसाच्या पाइपात पाणीच येत नाही, आणि त्याला ते कळतं तेव्हा गल्लीचं तोंड धुराने बंद झालेलं असतं. हे सासऱ्यांना नीट सांगा.

उलट बाजूही सांगतो म्हणजे चित्र पुरं होईल. ८ जानेवारीच्या संध्याकाळी हॉलीवूडच्या टेकड्यांत रनियन कॅन्यनजवळ सनसेट फायर लागली, खालच्या भागातल्या लोकांना बाहेर काढलं, भारतातल्या नातेवाइकांच्या फोनवर हॉलीवूडच्या पाटीला आग लागल्याचे फोटो फिरायला लागले, ते खोटे होते, पाटीला काही झालं नाही. तेच डोंगर, तोच कोरडेपणा, पण तोवर वारा उतरला होता आणि हेलिकॉप्टरना उडता आलं, त्यामुळे ती आग काही तासांत अडवली. पहिल्या रात्रीच्या वाऱ्यात मात्र अग्निशमन दलाला घरं सोडून माणसं बाहेर काढण्याकडेच वळावं लागतं. म्हणून घर असं ठेवायचं की त्याच्याजवळ कुणी उभं नसतानाही ते टिकेल.

जी मोठी ठिकाणं वाचली त्यांच्याकडे याच नजरेने बघा. गेटी व्हिला, पॅलिसेड्समधलं प्राचीन ग्रीक-रोमन वस्तूंचं म्युझियम, आग अगदी त्याच्या आवारात आली, बागेतली झाडं-झुडपं जळली, इमारत आणि आतलं सगळं शाबूत. तिथे वर्षभर झाडोरा छाटणं चालू असतं, झाडांच्या खालच्या फांद्या काढलेल्या, आगीच्या आधी बाग पाण्याने भिजवलेली, भिंती दुहेरी, स्वतःची पाण्याची टाकी, आणि आग जवळ आली तेव्हा बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रणा बंद केली म्हणजे धूर नको. २७ जून २०२५ ला ते लोकांसाठी पुन्हा उघडलं. पैसा आहे त्यांच्याकडे हे मान्य, पण छाटणी, भिजवणी, हवेची भोकं म्हणजे व्हेंट बंद करणं यातलं कुठलं काम पैशावाचून अडतं? त्याच भागातलं विल रॉजर्स या जुन्या नटाचं टेकडीवरचं लाकडी घर, राज्याने स्मारक म्हणून जपलेलं, पूर्ण गेलं. कर्मचाऱ्यांनी घोडे आणि काही चित्रं-वस्तू आग पोचायच्या आत बाहेर काढल्या म्हणून तेवढं उरलं. आणि माउंट विल्सनची वेधशाळा, जिथल्या १०० इंची दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ हबलने विश्व प्रसरण पावतंय हे दाखवलं, तिच्यापर्यंत आग २००९ मध्ये आली, २०२० मध्ये आली, २०२५ मध्ये परत आली आणि तिन्ही वेळा ती वाचली. तिथे आजूबाजूचं रान साफ ठेवलेलं असतं आणि दलाला उभं राहून लढायला जागा मिळते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवानांचा कॅप्टन गल्लीत शिरतो तेव्हा दोन मिनिटांत ठरवतो कुठल्या घरासाठी माणसं लावायची आणि कुठल्या नाही, आणि साफ आवाराचं घर त्याला वाचवण्यासारखं दिसतं.

प्रार्थनास्थळांचं फार वाईट झालं. पॅसाडेनाचं ज्यू टेंपल गेलं, अल्टाडीनाची मस्जिद अल-तक्वा गेली, अल्टाडीना कम्युनिटी चर्च गेलं, पॅलिसेड्सचं कॉर्पस क्रिस्टी चर्च आतून पूर्ण जळून नुसता सांगाडा राहिला. उलट पॅलिसेड्समधलं केहिलात इस्राएल हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं राहिलं पण त्याच्या शेकडो कुटुंबांची घरं गेली, म्हणजे देऊळ आहे आणि भक्तांना राहायला जागा नाही. सनसेट बुलेवार्डवरचं लेक श्राइन तुम्ही बघितलं असेल, परमहंस योगानंदांनी १९५० मध्ये सुरू केलेलं, गांधीजींच्या अस्थींचा अंश तिथे आहे, आग चहूबाजूंनी होती तरी ते बरंचसं वाचलं. त्यात तळ्याचा, हिरव्या भिजलेल्या बागेचा आणि माणसांनी घेतलेल्या काळजीचा वाटा किती आणि वाऱ्याच्या दिशेचा किती हे कुणालाच वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि नशीब अजिबात नसतं असं मी म्हणणारही नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. भिंतीपासून पाच फूट, सगळीकडून, या पट्ट्यात जळेल असं काही नको. कॅलिफोर्नियात याला झोन झिरो म्हणतात, कायदा २०२० मध्येच झाला, नियम लिहायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तुम्ही नियमाची वाट बघू नका. सगळ्यात आधी लाकडाच्या ढलप्यांचा मल्च, म्हणजे मातीवर पसरलेला थर, काढा. खिडकीखाली झुडपांच्या मुळाशी तो पसरलेला असतो, दिसायला छान, पण निखारा पडला की तो तासन्‌तास आतल्या आत धुमसतो, ज्वाळा दिसतच नाही, आणि तोवर सगळे निघून गेलेले असतात. त्याऐवजी खडी टाका, फरशी टाका, नुसती माती चालेल. भिंतीला टेकलेली झुडपं काढा, विशेषतः ज्युनिपर आणि रोझमेरी.

मग पुढच्या दाराकडे बघा, आपल्या मराठी घराचं दार. सांता अ‍ॅनाचा जोर ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे बरोब्बर दसरा ते संक्रांत. चौकटीवर दसऱ्याचं झेंडू-आंब्याच्या पानांचं तोरण, जे डिसेंबरपर्यंत कागदासारखं वाळलेलं असतं. वळचणीला दिवाळीचा कागदी आकाशकंदील अजून लटकतोय. खाली काथ्याचं पायपुसणं, शेजारी लाकडी चपलांचं रॅक, त्यात रबरी सोलचे बूट. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वाऱ्याने उडून येणारं सगळं नेमकं दाराच्या कोपऱ्यात जमतं, सकाळी तिथे पाचोळा कसा साचलेला असतो ते आठवा, जिथे पाचोळा साचतो तिथेच निखारे साचणार. तोरण सण झाला की दोन दिवसांत उतरवा, कंदील आत घ्या, रॅक गॅरेजमध्ये, काथ्याऐवजी दुसरं काही. तुळस राहू द्या, विटांचं वृंदावन असेल तर उत्तम, फक्त वाळलेल्या मंजिऱ्या काढत जा आणि कुंडी असेल तर भिंतीपासून लांब ठेवा.

दुसरं व्हेंट. मला एकच गोष्ट करायला सांगितली तर मी हीच करीन. वळचणीखाली आणि त्रिकोणी भिंतीवर पोटमाळ्याला हवा खेळायला जाळीदार भोकं असतात, जुन्या घरांत ती जाळी पाव इंची असते, चिमणी जात नाही पण निखारा आरामात जातो. आत काय असतं तर सुकं लाकूड, धूळ, इन्सुलेशनला लावलेला कागद, आणि आपण ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी. घर आतून, वरून पेटतं, बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही. जाळी जास्तीत जास्त एक अष्टमांश इंचाची, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरची, धातूचीच, नायलॉनची चालणार नाही. निखारा-रोधक म्हणून तपासलेली तयार व्हेंट मिळतात, ती घेतलीत तर फारच चांगलं. शिडी, स्क्रू ड्रायव्हर आणि एक शनिवार-रविवार, एवढंच काम आहे ते. पन्हळी, इथले गटर, त्यातला पाचोळा सीझनमध्ये परत परत काढा. छप्पर अर्धगोल मातीच्या कौलांचं असेल तर कौल जळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, वळचणीकडच्या टोकाला कौलांच्या पोकळ्या उघड्या असतात, आत पक्ष्यांची घरटी, म्हणजे वाळकं गवत, निखारा तिथून आत शिरतो. त्या पोकळ्या सिमेंटने किंवा तयार पट्ट्यांनी बुजवून घ्या.

तिसरं, लाकडी कुंपण. शेजाऱ्याकडून सुरू होऊन तुमच्या भिंतीला येऊन भिडतं ते, दिव्याची वात जळत जावी तशी आग त्यावरून थेट घरापर्यंत येते. अख्खं कुंपण बदलायची गरज नाही, घराला लागणारा शेवटचा पाच फुटांचा भाग लोखंडी करा. खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर शेजारच्या घराच्या धगीनेच तडकतात, तडकल्या की आत पडदा, सोफा. दुहेरी टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच महाग पडते, सगळीकडे नाही जमलं तर निदान शेजाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांना आधी लावा.

आणि शेजाऱ्याशी बोला. मनापासून सांगतोय, कारण लोक स्वतःच्या घरावर हजारो डॉलर घालतात आणि बारा फुटांवर शेजाऱ्याची लाकडी शेड, त्यात रंगाचे डबे, तशीच असते. तुमच्या गल्लीत पाच-सहा घरांनी मिळून एक दिवस ठरवला, एकमेकांच्या गटरपासून कुंपणापर्यंत सगळं बघितलं, तर एकट्या घराने केलेल्या कामाला अर्थ येतो. आपली माणसं गणपतीला सगळी गल्ली घरी बोलवतात, तीच यादी काढा.

मंदिराबद्दल. शिखर बहुधा काँक्रीटचं असतं, त्याची काळजी नसते. पेटतो तो हॉल, लाकडी सांगाड्याचा, मोठा पोटमाळा, लांबलचक व्हेंट, आणि रात्री आत कुणी नाही. बाहेर दाराशी पाच-सहाशे माणसांच्या चपलांची लाकडी मांडणी, जवळजवळ प्रत्येक मंदिरात मला ती भिंतीला टेकलेलीच दिसते. हॉलच्या मागे सामानाची शेड, तिच्यात मांडवाचं कापड, थर्माकोलची मखरं, कागदी फुलं, ही शेड इमारतीपासून किमान तीस फूट लांब गेली पाहिजे, नाहीतर त्यातलं सामान तरी. निर्माल्याचा डबा झाकणाचा, धातूचा, भिंतीपासून लांब. उत्सवाचा कापडी मांडव सांता अ‍ॅनाच्या दिवसांत कार्यक्रम झाला की त्याच रात्री उतरवायचा, पुढच्या आठवड्यात परत लागणार आहे म्हणून ठेवायचा नाही. किचनचे प्रोपेनचे सिलिंडर कुठे आहेत आणि कोण बंद करतो हे लिहून भिंतीवर लावा.

कमिटीत खरी चर्चा मूर्तींवरून होईल, ती आत्ताच करून घ्या. पॅसाडेनाच्या ज्यू टेंपलमध्ये आग पोचायच्या आत त्यांच्या माणसांनी तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्या गाड्यांतून बाहेर काढल्या, इमारत गेली पण गुंडाळ्या त्यांच्याकडे आहेत, आणि ज्यांनी घरंही गमावली त्या लोकांना पुढे त्याने किती धीर दिला असेल याची कल्पना करा. आपल्याकडे प्रतिष्ठापना केलेल्या दगडी मूर्ती हलत नाहीत, हलवूही नयेत, उत्सवमूर्ती मात्र निघू शकतात. तेव्हा गुरुजींना विचारून ठरवा काय निघणार, कशात गुंडाळणार, कुणाच्या गाडीत, कुणाच्या घरी, किल्ली कुणाकडे, तो माणूस गावात नसेल तर दुसरा कोण. आणि याच्याही आधीचा मुद्दा, गुरुजी आणि त्यांचं कुटुंब आवारात राहत असेल तर त्यांना कोण बाहेर काढणार? अनेकदा त्यांच्याकडे एकच गाडी असते, ती कुणी पूजेला घेऊन गेलेलं असतं, मुलं घरी, आणि देव सोडून कसं जायचं हे ओझं त्यांच्या मनावर असतं. कमिटीने त्यांना लेखी सांगून ठेवायला हवं की इशारा आला की तुम्ही आधी निघायचं, मूर्तींची जबाबदारी आमची, आणि वेळ नसेल तर मूर्ती राहू देत.

निघण्याबद्दल आता सगळ्यात महत्त्वाचं. अल्टाडीनात लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना बाहेर पडण्याचा आदेश पहाटे तीननंतर आला, आग लागून आठ तासांहून जास्त झाले होते, काही घरं तोवर पेटलेली होती. ईटन आगीत गेलेली जवळजवळ सगळी माणसं त्या भागातली, बरीच म्हातारी, काहींना चालता येत नव्हतं. आदेशाची वाट बघायची नाही हा त्याचा अर्थ. पॅलिसेड्समध्ये उलट झालं, सगळे एकदम निघाले आणि सनसेट बुलेवार्डवर गाड्या अडकल्या, लोक गाड्या सोडून पायी पळाले, नंतर बुलडोझरने त्या गाड्या बाजूला ढकलाव्या लागल्या. तुमच्या घरात दोन वयस्क माणसं आहेत, तेव्हा तुमचा नियम इतरांपेक्षा आधीचा हवा. विशेष धोक्याचा इशारा आला की त्याच दिवशी सकाळी, आग कुठेही नसताना, सासू-सासऱ्यांना सपाटीवरच्या अर्वाइन किंवा सेरिटोसला ओळखीच्यांकडे दोन दिवस पाठवा. औषधं, पासपोर्ट, चष्मा, कानाचं यंत्र बॅगेत. दोन दिवस उगाच गेले असं वाटलं तरी चालेल.

फोनवर वॉच ड्यूटी हे आग कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप ठेवा, आम्ही सगळे तेच बघतो, आणि काउंटीचे, म्हणजे जिल्हा प्रशासनाचे, अलर्ट चालू ठेवा. ९ जानेवारीला चुकीचा अलर्ट एक कोटीच्या आसपास लोकांना, म्हणजे अख्ख्या काउंटीला गेला आणि त्यानंतर पुष्कळांनी वैतागून अलर्ट बंद केले, तसं करू नका. गाडी नेहमी ड्राइव्हवेवर बाहेरच्या दिशेने तोंड करून. वीज गेली की गॅरेजचं दार मोटरने उघडत नाही, आत एक दोरी लोंबत असते ती ओढून हाताने वर उचलायचं, बॅटरी बॅकअप नसलेल्या जुन्या दारांमागे लोक अडकलेत. सासऱ्यांना ती दोरी दाखवा आणि त्यांच्याकडून दार एकदा उचलवून घ्या, जमलं नाही तर आत्ता कळेल. निघताना खिडक्या-दारं बंद, पडदे काढून बाजूला, सोफा खोलीच्या मधोमध, गॅस मीटरवर बंद, दिवे चालू म्हणजे धुरात घर दिसतं, पाइप नळाला जोडून ठेवा पण पाणी सोडून जाऊ नका, तुमच्या छपरावर वाहणारं पाणी खालच्या हायड्रंटच्या दाबातून जातं. दहा मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ नसेल तर तेही सोडा.

घर विकावं का, हे मी सांगणं बरोबर नाही, पण निर्णय भीतीवर करू नका, आधी कागद बघा. विमा कंपनी नूतनीकरण नाकारतेय का, फेअर प्लॅनवर, म्हणजे कुणीच विमा देत नाही तेव्हाच्या शेवटच्या पर्यायावर, जावं लागतंय का, आणि पॉलिसीत पुन्हा बांधायचा आजचा खर्च धरलाय की दहा वर्षांपूर्वीचा, हा शेवटचा मुद्दा अनेक घरांना फार जड गेलाय. प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, देवघरासकट, आणि तो घराबाहेर कुठेतरी साठवा. तुमच्या जागी मी असतो तर व्हेंट, पाच फूट, कुंपणाचं टोक आणि शेजारी एवढं आधी करून घेतलं असतं आणि मग एक हिवाळा बघून ठरवलं असतं.

शेवटचं, हे लोक विचारतच नाहीत. आग येऊन गेली आणि वास्तू उभी राहिली तरी आत काजळी असते, आणि ती लाकडाच्या चुलीची राख नव्हे, जळालेल्या घरांचे रंग, वायरी, जुन्या बांधकामातलं शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस सगळं त्यात असतं. ब्लोअर लावू नका, कोरडा झाडू मारू नका, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, लहान मुलांना आणू नका, एसीचे फिल्टर बदलल्याशिवाय एसी लावू नका. मंदिरात गुरुजींना आणि स्वयंसेवकांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा, काजळी बसलेल्या दगडी मूर्तीवर पाणी किंवा दूध घालायचं नाही. ओलं केलं की काजळी दगडाच्या छिद्रांत उतरते आणि मग निघत नाही, आधी ती हेपा, म्हणजे अगदी बारीक कण पकडणाऱ्या, फिल्टरच्या व्हॅक्यूमने आणि कोरड्या स्पंजने अलगद काढायची, शक्यतो वस्तुसंवर्धनातल्या जाणकाराला बोलावून, आणि मगच अभिषेक. दार उघडल्यावर पहिल्या तासात प्रत्येकाला अभिषेकच करावासा वाटणार, म्हणून ही सूचना गाभाऱ्याच्या किल्लीबरोबर लिहून बांधून ठेवा.